ते वाक्य वेलिकाचं आहे

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून गोडगोड गोष्टीची अपेक्षा करू नका. मी रागावलेली आहे. स्तारा वर्बा जंक्शनच्या उपाहारगृहात दाराजवळच्या खिळ्याला एके काळी लटकणारी मी एक जुनी तक्रारवही. चमचा तेलकट आहे, पाव कालचा आहे, वाढणाऱ्या बाईने तोंड वाकडं केलं, असला दुसऱ्यांचा राग मी वर्षानुवर्षं अंगावर लिहून घेतला आणि हूं की चूं केलं नाही. आज मला माझा स्वतःचा राग सांगायचा आहे. तो आता तुम्ही ऐकून घ्या.

माझा जन्म आमच्या राजधानीत, सोफियाच्या रेल्वे छापखान्यात झाला. माझी पानं शहाण्णव. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा छापलेला. सगळ्या पानांतून एक जाड दोरा ओवला होता आणि त्याची टोकं मागच्या पुठ्ठ्यावर लाल लाखेत दाबून वर रेल्वेचा शिक्का मारला होता. शेवटी एका कारकुनाने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'या वहीत शहाण्णव पाने आहेत.' म्हणजे माझं एक पान फाडायची कुणाची टाप नव्हती. फाडलं तर दोरा बोलला असता, लाख बोलली असती. या गोष्टीचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. खोटं माझ्याजवळ फिरकणारच नाही असं मी समजत होते. मूर्ख होते, दुसरं काय!

माझ्यावर लिहायची रीत ठरलेली होती. डाव्या पानावर प्रवाशाने तक्रार लिहायची. तिच्याखाली उपाहारगृहाने तीन दिवसांच्या आत उत्तर लिहायचं. समोरच्या उजव्या पानावर वरच्या अधिकाऱ्याने लिहायचं की या प्रकरणी काय कारवाई केली. उत्तर लिहिणं हे व्यवस्थापकाचं काम. आमचा व्यवस्थापक मेतोदी हा गोल चेहऱ्याचा, महा आळशी माणूस. त्याला लिहायचा कंटाळा, वाचायचा त्याहून कंटाळा. तो खुर्चीतूनच हाक मारायचा, "वेलिका, लिही गं नेहमीच्या दोन ओळी. माझी कॉफी गार होतेय."

आणि स्वयंपाकीण वेलिका गंचेवा चुलीपासून उठून यायची, एप्रनला हात पुसायची आणि लिहायची, 'दिलगीर आहोत. पुन्हा असे होणार नाही.' मेतोदी आठवडाभराची उत्तरं एकदम समोर घ्यायचा आणि न वाचता खाली सह्या ठोकायचा. असा आमचा कारभार.

वेलिका तेव्हा तिशीची होती. उंच, दंडात जोर, जिभेलाही. तिच्या हातचं घेवड्याचं सूप खायला लोक मुद्दाम आमच्या स्टेशनावर गाडी बदलायचे. सुका पुदिना ती शेवटी, पातेलं उतरवताना टाकायची. आधी टाकणाऱ्यांना ती स्वयंपाकी मानतच नसे. पहाटे चारला चूल पेटवायची आणि साडेबाराला पहिला वाडगा भरायची.

आता त्या वाडग्यांचा नियम ऐका, कारण सगळं महाभारत त्यावरूनच घडलं. सोफियाहून समुद्राकडे जाणारी जलद गाडी आमच्याकडे बारा चाळीसला यायची आणि पंधरा मिनिटं थांबायची. तेवढ्यात लोकांचं खाणं व्हावं म्हणून वरून हुकूम होता की गाडी यायच्या पाच मिनिटं आधी सगळे वाडगे भरून टेबलांवर मांडायचे. हुकूम चांगला होता, नाही म्हणत नाही. पण गाडी उशिरा आली तर काय करायचं, हे त्यात कुठेच नव्हतं. कसं असणार? कागदोपत्री आमच्या देशातली गाडी कधी उशिरा येतच नव्हती!

१९७४ च्या जुलैची नऊ तारीख. वाडगे बारा पस्तीसला मांडले. बारा चाळीस झाले, एक वाजला. वेलिका म्हणाली, "मेतोदी, सूप परत पातेल्यात ओतते. गाडी दिसली की पुन्हा वाढीन."

"अजिबात नाही. तपासनीस आला आणि टेबलं रिकामी दिसली तर? हुकूम म्हणजे हुकूम."

"अहो, गारढोण होईल ते!"

"होऊ दे. मांडलेलं दिसलं पाहिजे."

गाडी दोनला आली. भुकेने कावलेले लोक आत घुसले. त्यांतल्या एका टोपीवाल्या साहेबाने एक चमचा तोंडात घेतला, वाडगा ढकलला आणि मला खिळ्यावरून ओढून काढलं. माझ्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर त्याने लिहिलं, 'सूप बर्फासारखे गार. स्वयंपाकघराला लाज वाटली पाहिजे.' लाज हा शब्द लिहिताना त्याने पेन इतकं दाबलं की अजून मला तिथे खड्डा आहे.

गाडी गेल्यावर वेलिकाने ते वाचलं. पहाटे चारपासून ती उभी होती. तिचं सूप, तिचं नाव, आणि लाज कुणी वाटून घ्यायची तर तिने! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात पुसायचंही तिला भान राहिलं नाही. लाल तिखटाचा अंगठा माझ्या पानावर उमटला आणि त्याशेजारी तिने लिहिलं,

'सूप गरम होतं. गाडी उशिरा आली.'

एवढंच. मेतोदीने नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही आमच्या देशात आलात तर पावलोपावली ऐकाल. लग्न लांबलेल्या नवरीचा बाप ते म्हणतो. निवडणूक हरलेला पुढारी म्हणतो. कपांवर ते छापलेलं आहे, सदऱ्यांवर आहे. अख्ख्या देशाचं नशीब सहा शब्दांत कसं सांगावं, याचा नमुना म्हणून शाळेत शिकवतात. 'काय मिश्कील वाक्य!' असं म्हणतात. मिश्कील कसलं डोंबलाचं! ती चिडली होती. जे घडलं तेच तिने लिहिलं होतं.

आठवडा गेला आणि बोरिमिर कालपाकोव आमच्याकडे आला. हा त्या वेळचा नावाजलेला विनोदी लेखक. रेडिओवर दर शनिवारी बोलायचा. समुद्रावर सुटीला निघाला होता आणि त्याचीही गाडी रखडली होती. वेळ जावा म्हणून त्याने मला मागून घेतलं आणि पाय पसरून चाळायला लागला. अठ्ठेचाळिसावं पान आलं. तो हसला. मग पुन्हा वाचून इतका हसला की त्याच्या मिशांतून ब्रँडी गळली. डोळे पुसत त्याने मेतोदीला विचारलं, "हे कुणाचं हो?"

"असेल आमच्या स्वयंपाकिणीचं."

"भले!" कालपाकोव म्हणाला, आणि खिशातून छोटी वही काढून त्याने ते वाक्य उतरवून घेतलं. स्वयंपाकघराचं दार तिथून सहा पावलांवर होतं. आत वेलिका कांदा चिरत होती. हा गृहस्थ सहा पावलं चालला नाही.

त्यानंतर तपासनीस आला. त्याने मला दर महिन्याला तपासायचा नियमच होता. तो हसला नाही. त्याने मेतोदीला उभं केलं.

"रेल्वेवर चिखलफेक? आणि सही तुमची?"

"मी? छे छे, कॉम्रेड! सही माझी आहे, पण अक्षर बघा ना. स्वयंपाकिणीचं आहे. मी तर वाचलंसुद्धा नव्हतं."

वेलिकाला बोलावलं. ती पळी हातात घेऊनच आली. "हो, मीच लिहिलं. त्यात खोटं काय आहे ते दाखवा. गाडी वेळेवर आली होती?"

"गाडीचा प्रश्न इथे येत नाही."

"मग सूपचा तरी कशाला येतो?"

झालं. एकोणपन्नासाव्या पानावर, कारवाईच्या जागी, त्याने संथपणे लिहिलं. ते मला अजून शब्दशः पाठ आहे. 'सदर उद्धट उत्तर स्वयंपाकीण वेलिका गंचेवा हिने स्वतःच्या मनाने रचून लिहिल्याचे तिने कबूल केले आहे. यात अन्य कोणाचाही हात नाही. तिला चुलीवरून काढून रेल्वेचे डबे धुण्याच्या कामावर पाठवण्यात येत आहे.' वर शिक्का. दुसऱ्या दिवशी चुलीवर कुणी भलतीच बाई होती आणि ती पुदिना आधी टाकत होती.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी उपाहारगृहातल्या रेडिओवर कालपाकोवचा आवाज आला. त्याने एक गोष्ट रचली होती. जुन्या राजाच्या काळातलं एक भिकार स्टेशन, तिथला एक गाढव अधिकारी आणि शेवटी ते वाक्य. राजाच्या काळातलं म्हटल्यावर कुणाला काय हरकत असणार! आमच्याकडे तेव्हा विनोद करायचीही परवानगी लागायची. त्याच्याकडे ती होती, वेलिकाकडे नव्हती. रेडिओत टाळ्या वाजल्या. आमच्या टेबलांवरचे लोकही वाजवायला लागले. मी खिळ्यावर लटकून ऐकत होते. माझ्या पोटात सगळा पुरावा होता आणि वहीला तोंड नसतं.

आता खरी हरामखोरी ऐका. वाक्य देशभर झालं, तशी कालपाकोवला माझी धास्ती बसली. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. मेतोदीला त्याने आपलं सही केलेलं पुस्तक दिलं आणि रेडिओवर त्याचं नाव घेण्याचं कबूल केलं. मेतोदीने कागदावर लिहिलं, 'तक्रारवही ओल लागून नष्ट झाली.' आणि मी कालपाकोवच्या पिशवीत गेले.

घरी त्याने मला टेबलावर ठेवलं. ते पान चिमटीत धरलं. फाडणार, असं मला वाटलं. पण त्याने दोरा पाहिला, लाख पाहिली आणि हात मागे घेतला. फाटकी वही त्याला पाहुण्यांपुढे मिरवता आली नसती. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने कणकेची खळ केली, अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास ही समोरासमोरची दोन पानं एकमेकांना चिकटवली आणि वर इस्त्री ठेवली. चटका बसला तो बसलाच. त्याहून जास्त भाजलं ते हे, की एवढा मोठा लेखक, पुरस्कार मिळवलेला, आणि त्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने शिजवलेली बहुधा ही एकच गोष्ट!

तीस वर्षं मी त्याच्या काचेच्या कपाटात होते. पाहुणे आले की तो मला दाखवायचा. "याच स्टेशनात बसलो होतो. सूप आणि गाडी, दोन्ही एकदम डोक्यात शिरली." डोक्यात शिरली म्हणे! माझ्या पोटातून उचललीस की रे, मेल्या! पण आयत्या बिळावर नागोबा एकदा बसला की बीळ त्याचंच ठरतं. तो म्हातारा झाला, मेला, त्याच्या प्रेतयात्रेला मंत्री आले. घरच्यांनी त्याचं सामान स्तारा वर्बाच्या वाचनगृहाला देऊन टाकलं. तिथे कालपाकोव दालन झालं. मी पुन्हा माझ्या गावात आले, पण काचेखाली. शेजारी पाटी होती, 'थोर विनोदकाराच्या संग्रहातील एक वही.' बाराव्या पानावर मला उघडून ठेवलं होतं. त्यावर एका बाईने आमच्या करंज्यांची स्तुती केली होती.

त्या दालनाची राखण करायची स्पास्का. पन्नाशीची, सरळमार्गी, घाबरट बाई. रोज काच पुसायची. माझी दोन पानं चिकटलेली तिला ठाऊक होती. ओल लागली असेल, असं ती म्हणायची. चांगली माणसंही किती सहज चुकीचं मानून बसतात, याचा मला तिच्यामुळे फार संताप यायचा.

आणि मग २०१६ च्या ऑगस्टात झिव्का पेन्चेवा आली. साठीची, सोफियाच्या एका छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितं तपासणारी. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं आणि कपाळावर कायमची आठी. तिचा एकच उद्योग होता. प्रसिद्ध वाक्यं पहिल्यांदा कोण बोललं ते शोधायचं. अकरा वर्षं ती त्याचं पुस्तक करत होती.

"सूपच्या वाक्याने माझा जीव खाल्लाय," ती आल्या आल्या स्पास्काला म्हणाली. "निम्मे लोक म्हणतात कालपाकोवचं. काही म्हणतात कुठल्याशा राजाचं. एका पैलवानाच्याही नावावर आहे. एकाने तर फ्रेंच म्हण असल्याचं छापलंय."

"कालपाकोवांचंच आहे हो. रेडिओवर बोलले होते ना ते," स्पास्का म्हणाली.

"तीन ऑगस्ट, १९७४. ते मलाही माहीत आहे. आता हे बघा." झिव्काने एक झेरॉक्स तिच्या नाकासमोर धरली. "रेल्वे कामगारांचं पत्रक, सव्वीस जुलै. कोपऱ्यात दोन ओळी आहेत. 'स्तारा वर्बा उपाहारगृहात सूप आणि गाडीसंबंधी तक्रारवहीत उद्धट उत्तर लिहिल्याबद्दल कारवाई.' नाव नाही. पण कालपाकोव बोलायच्या आठ दिवस आधी ते वाक्य इथे होतं. ती तक्रारवही कुठाय?"

"ती तर ओलीने गेली म्हणतात."

झिव्का वळली आणि तिला काचेखाली मी दिसले. मित्रांनो, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे वाचण्यासाठी पाहत होतं.

"ही काय आहे मग?"

"बाई, काच उघडायची परवानगी नाही."

"परवानगी नाही म्हणून तर आजवर कुणी उघडली नाही. आणा ती किल्ली."

झिव्काने मला हातात घेतलं आणि आधी मागचं पान काढलं. शहाण्णव. मग ती पहिल्यापासून पानं मोजायला लागली. वर्षानुवर्षं मुद्रितं तपासलेली बाई, तिची नजर मजकुराच्या आधी कोपऱ्यातल्या आकड्यावर जायची. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. तिने पान उलटलं. पन्नास.

"सत्तेचाळीसनंतर पन्नास?"

"ओलीने चिकटलीयत ती."

झिव्काने पानाची कड बोटांत चोळली, हुंगली आणि चक्क जीभ लावली. "ओल कसली, कणीक आहे ही. कुणीतरी खळ लावलीय. चहाचं पाणी ठेवा, स्पास्काबाई."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! किटलीच्या वाफेवर तिने मला इतकं हळुवार धरलं की काय सांगू. खळ सुटत गेली. दोन पानं एकमेकांपासून वेगळी झाली. तक्रार, तिखटाचा अंगठा, ते वाक्य आणि समोर शिक्क्यासकट कारवाई, सगळं जसंच्या तसं होतं. झिव्काने एकोणपन्नासावं पान मोठ्याने वाचलं.

स्पास्का किटली तशीच सोडून पुढे आली. "वेलिका गंचेवा? अहो, वेलिकामावशी जिवंत आहे की! चर्चच्या मागच्या गल्लीत राहते."

त्या मला घेऊन निघाल्या. परवानगीची गोष्ट स्पास्का त्या दिवशी विसरली, एवढं तिचं मी पुण्य मानते. वेलिका अंगणात लोखंडी पत्र्यावर लाल मिरच्या भाजत होती. बहात्तर वर्षांची, पाठीतून वाकलेली. डबे धुऊन धुऊन बोटं वाकडी झालेली. झिव्काने तिच्यापुढे मला उघडून धरलं. वेलिकाने मला हात लावला नाही. तिखटाच्या डागाजवळ वाकली. मग म्हणाली, "हा अंगठा माझा."

"ताई, तुम्ही इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं नाही?" वेलिका एकदम भडकली. "अगं, घसा सुकेपर्यंत सांगितलं! डबे धुताना स्टेशनच्या भोंग्यावर तो कालपाकोव बोलला, तेव्हाच ओरडले, माझं आहे ते! बरोबरच्या बाया हसून लोळल्या. वेलिका, उद्या म्हणशील चंद्रही मीच टांगला! सासू म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला. मग सोडलं सांगणं. आणि माझ्या पोराच्या लग्नात सगळ्यांसमोर ग्लास वर करून पोरगाच म्हणतो, थोर कालपाकोव म्हणून गेलेत की... मी तिथेच सूप वाढत होते. पोटचं पोर गं! त्याला तरी काय बोलणार?"

मिरच्या करपायला लागल्या होत्या, पण तिघींपैकी कुणी हलली नाही.

स्पास्का चाचरत म्हणाली, "मावशी, पुढच्या महिन्यात जत्रेच्या दिवशी स्टेशनच्या भिंतीवर त्या वाक्याची ब्राँझची पाटी बसतेय. खाली कालपाकोवांचं नाव आहे."

वेलिकाने एप्रनला हात पुसले. "मला भाषण नको, सत्कार नको. तिथे माझं नाव लावा. आणि मी आहे तोवर लावा. मेल्यावर लावून मला काय वाचता येणार आहे?"

एवढंच तिचं मागणं होतं. दुसऱ्याच दिवशी झिव्काने मला नगराध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं. नगराध्यक्ष गोडबोल्या माणूस. त्यांनी वाचलं, मान डोलावली, वेलिकासाठी लिंडनच्या झाडाच्या फुलांचा चहा मागवला. कालपाकोवच्या घरच्यांचा फोन आला तेव्हा तो घ्यायला ते बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. परत आले ते हसतच.

"मावशी, तुम्ही अगदी निश्चिंत राहा. पाटी नव्याने ओतून घेतो. कालपाकोवांचं नाव काढतो. सगळ्यांचं समाधान होईल असं करतो."

झिव्काने विचारलं, "आणि यांचं नाव?"

"अहो, सगळ्यांचं म्हटल्यावर त्यात या आल्याच ना!"

झिव्काच्या कपाळावरची आठी खोल गेली. पण वेलिकाचा चेहरा असा उजळला होता की तिने पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझा राग तिच्यावरही आहे आणि चूक तिलाही मान्य आहे.

जत्रेचा दिवस उजाडला. स्टेशनसमोर कबाबांचा धूर, बँड, अख्खं गाव लोटलेलं. मला मखमलीच्या उशीवर ठेवून आणलं होतं. वेलिका पहिल्या रांगेत, निळा ठेवणीतला पोशाख घालून. शेजारी तिचा मुलगा. झिव्काने त्याला एकोणपन्नासावं पान दाखवलं होतं. तेव्हापासून त्याची मान खालीच होती. नगराध्यक्षांनी दोरी ओढली, कापड पडलं.

'सूप गरम होतं. गाडी उशिरा आली.'

आणि खाली, छोट्या अक्षरात, 'लोकवाणी.'

"मित्रहो," नगराध्यक्ष छाती फुगवून म्हणाले, "आज आपण एक जुनी चूक दुरुस्त केली. हे वाक्य या माणसाचं की त्या माणसाचं, हा वाद आता मिटला. हे कुणा एकाचं नाही. हे आपल्या सगळ्या जनतेचं आहे!"

टाळ्या वाजल्या. जनतेलाच मिळाल्यावर जनता टाळ्या वाजवणारच! मी उशीवर पडून जळत होते. एकाने चोरलं होतं, आता सगळ्यांनी मिळून वाटून खाल्लं, आणि त्याला नाव काय दिलं तर दुरुस्ती!

वेलिका उठली. मुलाने हात धरायला पाहिलं, तो तिने झटकला. ती पाटीपाशी गेली, 'लोकवाणी'वर वाकडं बोट फिरवलं आणि वळली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण टाळ्या थांबल्या.

"जनतेचं आहे होय? मग शिक्षा झाली तेव्हा जनता कुठे होती? डबे धुवायला तर मी एकटीच गेले होते!"

नगराध्यक्षांनी बँडला खूण केली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. वेलिका गर्दीतून वाट काढत घरी चालायला लागली आणि मुलगा तिच्यामागे गेला.

पाटी आजही तशीच आहे. मला 'दुरुस्तीसाठी' म्हणून खोक्यात घालून कपाटात टाकलंय. माझं एकही पान फाटलेलं नाही. मग दुरुस्ती कसली करतात ते त्यांनाच ठाऊक. झिव्काचं पुस्तक निघालं. त्यात तिने तारीख, पान आणि नाव नीट छापलंय. ते फार लोकांनी वाचलेलं नाही.

तर मित्रांनो, जुन्या वह्या जपा, असं मी सांगणार नाही. काचेखाली मला चांगलं जपलं होतं. माझं मागणं वेगळं आहे. एखादं वाक्य ऐकून तुम्ही हसलात, तर पोटभर हसा. पण हसून झालं की विचारा, हे पहिल्यांदा कोण बोललं आणि त्यापायी त्याचं काय झालं? आणि नाव कळलं की गिळून टाकू नका, मोठ्याने घ्या. ते वाक्य जनतेचं नाही, राजाचं नाही, कालपाकोवचं तर नाहीच नाही. ते जिचं आहे, तिचं नाव वेलिका गंचेवा. लिहून घ्या. आणि पेन्सिलीने नको, शाईने लिहा.